खाली पडकं, वर भक्कम

बाबूराव पुजाऱ्यांच्या घराचं योग्य भाडं किती, यावर दोन तज्ज्ञ भांडत होते. तळमजला बाबूरावांनी मेहुण्याला, बलभीमला, लॉजसाठी महिना सहा हजारांनी दिलेला. करखात्याचा तज्ज्ञ म्हणाला, तुळजापुरात देवळाच्या इतक्या जवळ वीस हजारांखाली जागा मिळत नाही, तेव्हा कर वीस हजारांवर भरा. बाबूरावांच्या बाजूने उमाशंकर व्हॅल्युअरने लिहून दिलं, की जागा इतकी पडकी आहे की सहा हजारसुद्धा मेहुणा नात्याखातर देतो. शेवटी करखात्याचे साहेब म्हणाले, मीच येऊन बघतो.

याच उमाशंकरने याच घराचा आणखी एक अहवाल बँकेला दिला होता. लेकीच्या, इराच्या, कॉलेजसाठी घर तारण ठेवायचं होतं. त्या अहवालात ते शंभर वर्षं हलणार नव्हतं. फीची मुदत शुक्रवारी संपत होती. कर्ज नाही तर प्रवेश नाही. बँकेच्या निकिता मॅडमही घर बघणार होत्या. बाबूरावांनी दोघांनाही अगत्याने सांगून ठेवलं, कधीही या, दर्शनाचं मी बघतो. आता तुळजापुरात सरकारी काम काढणारा माणूस देवीचा वार सोडून कशाला येईल? दोघंही मंगळवारीच आले.

मॅडम आधी पोचल्या. बाबूरावांच्या पत्नी चारुशीलाबाई त्यांना वर घेऊन गेल्या. खाली बलभीम ओल दिसावी म्हणून सकाळपासून बादलीने भिंती भिजवत होता. तेवढ्यात साहेबांची गाडी दारात लागली. उमाशंकर जिन्याच्या मधोमध उभा राहिला. त्याला वर बघून हसायचं होतं आणि खाली बघून उसासे टाकायचे होते.

"बघा साहेब," बाबूराव म्हणाले, "पाऊस न्हाय, पाणी न्हाय, तरी भिंत रडतीय."

"उडी मारून बघा, मॅडम," वरून चारुशीलाबाईंचा आवाज आला. "हूं का चूं करायचं न्हाय घर."

वर धपकन आवाज झाला. मॅडमनी खरंच उडी मारली होती. साहेबांनी छताकडे पाहिलं. मातीचा कणही पडला नाही. वर कोण आहे, असं त्यांनी विचारलं. बाबूरावांना उत्तर सुचेपर्यंत मॅडमच जिना उतरून खाली आल्या, आणि घराची तारीफ करत त्यांनी ओल्या भिंतीला हात लावला. त्यांचं बोलणं तिथंच थांबलं.

साहेबांनी उमाशंकरला शांतपणे विचारलं, खालचा मजला पडका आणि वरचा भक्कम, तर वरचा उभा कशावर आहे?

"आईच्या कृपेवर," उमाशंकर म्हणाला.

कुणी हसलं नाही. साहेबांनी पेन काढलं.

"बाबूराव, आता एकच काय ते सांगा. घर चांगलं की पडकं?"

मॅडमनी फाइल मिटत आणली होती. इरा दारात उभी होती. बाबूरावांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"चांगलंय साहेब. भिंत आमीच भिजवली. वीस हजार लिहा."

साहेबांनी लिहिलं. मॅडमनी फाइल पुन्हा उघडली, सही केली, आणि गुरुवारपर्यंत पैसे जमा होतील म्हणाल्या. मग दोघंही उमाशंकरला पुढं घालून दर्शनाला गेले.

बाबूराव तसे हिशेबी. कर वीस हजारांवर भरायचा, तर भाडंही वीस हजार यायला हवं, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. ते नुसते बलभीमकडे बघत राहिले. बलभीमने बादली खाली ठेवली.

"देतो की, दाजी," तो म्हणाला. "पण वीस हजाराच्या जागेला असली ओल चालती व्हय? आधी तेवढं नीट करून द्या."