चित्रांचं चूलबंद आवतन

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी लातूरमधल्या एका भाड्याच्या सभागृहासमोर दोन टेम्पो थांबले आणि त्यांतून चौसष्ट माणसं उतरली. आत सात चित्रकारांचं दोन दिवसांचं प्रदर्शन होतं. उतरलेल्यांपैकी पहिल्याने विचारलं, पंगत कुठं बसणार.

सातांपैकी एक अक्षरा. शाळेत चित्रकला शिकवते. दोन वर्षं तिने आडत बाजारातल्या पोत्यांची चित्रं रंगवली होती. पुण्याचे अमृतराव साडेबाराला येणार होते. डिसेंबरमधल्या पुण्याच्या प्रदर्शनासाठी त्यांना लातुरातून एकच चित्रकार निवडायचा होता आणि त्यांच्याकडे वेळ होता अर्धा तास. पुढे नांदेडला दुसरं प्रदर्शन होतं.

टेम्पो आणले होते तिच्या सासऱ्यांनी. वीरण्णांचं शिरूर अनंतपाळला किराणा दुकान. सुनेने दिलेल्या छापील पत्रिकेत जेवणाचा उल्लेख नव्हता. ही छपाईची चूक समजून त्यांनी गल्लीत घरोघरी चूलबंद आवतन दिलं. म्हणजे त्या दिवशी घरातल्या कुणीच चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी यजमानाकडे जेवायचं.

"मामा, चित्रं बघायला कुणी चूलबंद देतं का?" अक्षराने दात आवळून विचारलं.

"मग काय उपाशी पोटी बघावं का माणसानं?"

सभागृहामागच्या खानावळीत त्यांनी जेवण सांगितलं होतं, पण तिथे एका वेळी पस्तीसच पानं बसत. त्यामुळे दोन पंगती ठरल्या, पहिली साडेबाराला, आणि तोवर सगळे सभागृहात थांबले. बायकांनी भिंतीला पाठ टेकून बैठक मारली. भिंतीवर चित्रं होती. पावणेबारापर्यंत त्यांतली चार तिरकी झाली आणि एक खाली उतरवून ठेवावं लागलं, कारण त्याखाली गल्लीतल्या जगदेवीकाकूंना लवंडायचं होतं. बाकीचे सहा चित्रकार अक्षराच्या नवऱ्यावर, सोमेशवर, भडकले. आपण दही आणायला चाललो आहोत असं सांगून सोमेश निघून गेला. दही कुणी मागितलं नव्हतं.

गल्लीतले मडिवाळप्पा तेवढे एका चित्रासमोर उभे राहिले. बराच वेळ पाहून त्यांनी पोती भरलेली की रिकामी, अशी चौकशी केली. अक्षराने ते सांगता येणार नाही म्हटलं. "काढलीस तूच की," ते म्हणाले आणि त्यांनाही राग आला.

अमृतराव पाच मिनिटं आधीच आले. अक्षरा तेव्हा आत चौकटी सरळ करत होती. दारात वीरण्णांनी "शरणार्थ" म्हणत हात जोडले, गाव विचारलं. मूळचे कंधारचे, एवढं कळताच त्यांनी पाहुण्यांचा हात धरला तो खानावळीतच सोडला. अक्षराला हे बारा पन्नासला सासूबाईंकडून, उमाबाईंकडून, समजलं. "ते पुण्याचे? ते पहिल्याच पंगतीला बसले की," त्या कौतुकाने म्हणाल्या.

पंगतीचा नियम असा, की सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. अमृतराव कंधारचे असल्याने त्यांना तो माहीत होता. ओळीच्या टोकाला गल्लीतले सर्वांत वयस्कर गृहस्थ होते. त्यांना दात नव्हते आणि घाईही नव्हती.

सून दिसताच वीरण्णांनी तिच्या हातात वरणाची बादली दिली. "आलीस, बरं झालं. पाव्हण्याला वाढ."

अक्षराने बादली खाली ठेवली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. या काळात ती सासऱ्यांना उलट बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

"मामा, दोन वर्षं मी वरच्या खोलीत चित्रं काढली. तुम्ही दर महिन्याला लातूरला आलात. जिना चढून एकदा तरी बघितलंत? यांच्याकडं अर्धा तास होता. तो तुम्ही भातावर वाढून टाकला."

वाढपी थांबले. मडिवाळप्पांनी पत्रावळ दुमडली आणि अर्ध्या पानावरून उठले. त्यांच्यामागे ओळ उठली. दुसऱ्या पंगतीने बसायलाच नकार दिला. दीड वाजता दोन्ही टेम्पो चौसष्ट माणसं घेऊन परत निघाले. गावात चुली थंड होत्या.

"माझ्या दारातून माणसं उपाशी गेली," वीरण्णा म्हणाले.

"दार तुमचं नव्हतं, मामा."

अमृतरावांनी हात धुतले, घड्याळ पाहिलं. उद्या नांदेडहून परतताना दहा वाजता येतो, सभागृह रिकामं असेल तर बघतो, असं म्हणून ते गाडीत बसले. हे ते हसून म्हणाले की चिडून, याबद्दल दुमत आहे.

संध्याकाळी सहाला वीरण्णा एकटेच सभागृहात गेले. सुनेच्या चित्रांसमोर ते चाळीस मिनिटं होते. मुलाच्या लातुरातल्या घरी येऊन ते अक्षराशी बोलले नाहीत. उमाबाईंना एवढंच म्हणाले, "तिसऱ्या चित्रातलं पोतं चुकीचं शिवलंय." मग त्यांनी गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, की उद्या कुणीही लातूरला येऊ नये, आपापल्या चुली पेटवाव्यात. मडिवाळप्पांचं उत्तर लगेच आलं: पेटवल्यात.

रविवारी सकाळी सव्वाआठला जळकोटहून वीरण्णांच्या बहिणीचा, नीलाबाईंचा, फोन आला. त्या गल्लीच्या ग्रुपमध्ये नव्हत्या. आवतन त्यांनाही होतं, पण काल त्यांच्याकडे नातवाचं जावळ होतं. म्हणून आज निघाल्या होत्या, दोन जीप भरून. "चूल पेटवली न्हाई बग, अण्णा," त्यांनी सांगितलं आणि रेंज गेली.

साडेनऊला जीप चाकूरच्या पुढे आल्याचं कळलं. अमृतरावांची गाडीही त्याच रस्त्यावर होती. पुढे की मागे, ते कळलं नाही. अक्षरा सभागृहाच्या दारात उभी होती. वीरण्णा नऊलाच घरातून निघून खानावळीच्या दिशेने गेल्याचं उमाबाईंनी पाहिलं होतं. ते बहिणीच्या माणसांसाठी पानं सांगायला गेले की खानावळीला कुलूप लावून घ्यायला, हे दहाला पाच कमी असतानाही कुणालाच माहीत नव्हतं.