बर्फासाठी मिस्सा

"बारा सप्टेंबर, संध्याकाळची? भरलीय," लुसी म्हणाली आणि चर्चच्या ऑफिसातली, कुठली मिस्सा कोणासाठी नि कशासाठी वाहायची हे लिहायची हेतूंची वही तिने इनेझसमोर फिरवली.

इनेझचे वडील, आलोशियस, जाऊन पंधरा दिवस झाले होते. महिना भरतो त्या दिवसाची मिस्सा बारा तारखेला, असं तिच्या आईने, हेलनने, सगळ्या गोतावळ्याला कळवूनही टाकलं होतं. नायगावहून दोन जीप भरून माणसं येणार होती. दीडशे पाव सांगून झाले होते. राहिली होती ती फक्त मिस्सा.

"भरलीय? कोणी भरली?"

लुसीने बोट ठेवलं. इनेझने वाचलं : 'चीनचा उत्तर ध्रुवाच्या वाटेवरचा डोळा हटावा व तिथला बर्फ टिकावा म्हणून. देणारा : आलोशियस.' नोंद याच वर्षीची, जानेवारी २००९ ची.

इनेझची कानशिलं तापली.

आलोशियस तीस वर्षं बोटींच्या इंजिनांपाशी राबले होते. रिटायर झाल्यावर त्यांनी दोनच गोष्टींकडे लक्ष दिलं : चिकूची वाडी आणि उत्तर ध्रुव. चीनने तिकडे बर्फ फोडणारी बोट पाठवली, मग नॉर्वेच्या बेटावर ठाणं उघडलं, तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागेना. "संशोधन कसलं डोंबलाचं! शांघायचा माल वरच्या वर युरोपात न्यायचाय त्यांना. तीन हजार मैल वाचतात. मलाक्का नको, सुएझ नको, वाटेत अडवणारा कोणी नको," ते भरल्या ताटावर सांगत. "ज्याचा बांधाला बांध लागत नाही, त्याने दुसऱ्याच्या वाडीतून वाट मागायची? हा कुठला न्याय?"

"पप्पा, आमटी निवते," इनेझ म्हणायची. ते आत्ता आठवलं, आणि आत्ताच का आठवावं, याचाही तिला राग आला.

"हे खोड आणि त्यांचंच नाव घाल."

"देणाऱ्याने स्वतः येऊन सांगायला लागतं गं."

"लुसी, देणारा वारला. तूच हार आणला होतास."

"म्हणून तर बदलता येत नाही."

"मग सकाळची दे."

"भरलीय. रविवारच्या तिन्ही भरल्यात."

"पण त्यांनी हाच दिवस का धरला?"

"मी विचारलं होतं. म्हणाले, सप्टेंबरात तिकडचा बर्फ सगळ्यात कमी असतो, तेव्हाच गरज."

इनेझ तरातरा फादरांकडे गेली. "फादर, जिवंतपणी चीन आमच्या ताटात होता. आता मिस्सेतही?"

फादरांनी हसू मिशीत दाबलं. "एका मिस्सेला एकच हेतू, इनेझ. आणि गेलेल्या माणसाने विश्वासाने सोपवलेला हेतू मी कसा मोडू? त्यांचं नाव मात्र मोठ्याने घेईन."

घरी हेलनने डोक्याला हात लावला. "आणि दीडशे पाव काय चीनला पाठवू?"

कुंपणापलीकडून शेजारच्या सदानंदांनी मान वर काढली. ते बंदरखात्यातून रिटायर झालेले. दहा वर्षं रोज संध्याकाळी ते याच कुंपणावरून आलोशियसशी भांडले होते. "मी सांगत होतो त्याला! समुद्र काय कोणाच्या बापाचा आहे? ज्याच्याकडे बोट, तो जाणार. आपल्याला काय करायचंय? ऐकलं नाही."

"सदाकाका," इनेझ कडाडली, "निदान आता तरी त्यांना हरवू नका!"

सदानंदांनी कुंपणाची तार चाचपली. मग म्हणाले, "किती वाजता आहे मिस्सा?"

बारा तारखेला चर्च भरलं. फादरांनी हेतू वाचला, एक शब्द न गाळता. नायगावच्या मावशीने शेजारणीला विचारलं, पण ते अख्ख्या चर्चला ऐकू गेलं : "आलोशियस चीनला कधी गेलेला गं?"

"म्हणून आपण प्रार्थना करू या," फादर म्हणाले आणि लोकांच्या उत्तरासाठी थांबले. इनेझने ओठ घट्ट मिटले. नाही म्हणजे नाही, बर्फासाठी ती तोंड उघडणार नव्हती.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून, सगळ्यांच्या आधी, एकच खणखणीत आवाज आला. "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक!"

सदानंद उभे होते. डोक्यावर हातरुमाल बांधलेला, हात देवळात जोडावेत तसे जोडलेले.

बाहेर पाव खाताना इनेझ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझं मत तेच आहे हां," सदानंद घाईघाईने म्हणाले. "पण त्याच्या बाजूने आता कोणीतरी बोलायला नको?"

त्यानंतर आठवड्याभरात पेपरात कोपऱ्यात बातमी आली. कोरियाहून निघालेल्या दोन जर्मन मालवाहू बोटी रशियाच्या डोक्यावरून युरोपच्या वाटेला लागल्या होत्या. इनेझ ताटावरून ताडकन उठली.

"जर्मन! म्हणजे नुसता चीन नाही, सगळेच टपलेत! यांचा तरी बांध लागतो का तिथे?"

"आमटी निवते," हेलन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी इनेझ पुन्हा लुसीसमोर. "पुढच्या वर्षीची बारा सप्टेंबर, संध्याकाळची."

"पप्पांच्या वर्षाची ना? पण ती ऑगस्टात येते."

"ती ऑगस्टात वेगळी लिही. ही बर्फाची."

लुसीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि वही उघडली. "मजकूर तोच?"

"तोच. फक्त 'चीनचा' च्या पुढे 'व इतर सर्वांचा' घाल."

लुसीने तसं लिहिलं, देणाऱ्याच्या जागी 'इनेझ' लिहिलं आणि टोपण लावता लावता बजावलं, "बघ हां. उद्या राग शांत झाला आणि बदलायचं झालं, तर तुला स्वतः यावं लागेल."

"मी स्वतः आले," इनेझ म्हणाली, "तरी बदलू नकोस."