चौथ्या भोकाची पत्ती

दशक्रियेला माणसं दुःख घेऊन येतात, आमचा शेजारी धोंडीभाऊ काडेपेटी घेऊन येतो. नदीकाठी पिंड मांडलेले असतात, कावळा शिवत नाही म्हणून पाहुणे ताटकळलेले असतात, आणि हा गडी एकेका मुंबईकरापुढं काडेपेटी उघडून उभा राहतो. आत कापसावर एक बारीकशी पितळी पत्ती, तीही मोडकी. "भाऊ, असला पार्ट मुंबईत कुटं भेटंल का?"

मागच्या वर्षी तर कहर झाला. श्रद्धांजलीच्या भाषणांत कुणीतरी चुकून याचं नाव पुकारलं. "आण्णा लई चांगला माणूस व्हता," एवढं म्हणून यानं आण्णांना मोकळं केलं आणि पुढची पाच मिनिटं माइकवरून त्या पत्तीचं वर्णन केलं. मी निवृत्त मास्तर, त्यात याचा शेजारी. सगळा घाट माझ्याकडं वळून बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धोंडीभाऊचं आळेफाट्याला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. जळकी मोटार कुणी भंगारात घालायला निघालं की हा भांडायला उठतो. "टाकायला काय अक्कल लागती व्हय?" हे त्याचं रोजचं वाक्य. ते मी माझ्या जुन्या छत्रीवरूनही ऐकलंय.

पत्ती त्याच्या थोरल्या भावाच्या माउथ ऑर्गनची. महादूदादाला गेली काही वर्षं विसर पडत चाललाय. आपण जेवलो का, हे घर कुणाचं, काही सांगता येत नाही. बाजा मात्र विसरला नाही. रोज दिवस कलला की ओट्यावर बसून एकच चाल वाजवतो. मागं तो बाजा जरा घरघरायला लागला, तेव्हा आमच्या या मिस्तरी धोंडीभाऊनं मोटारीच्या बेअरिंगला सोडतात तसं त्यात तेल सोडलं. तेलावर धूळ बसली, ती यानं दाभणानं खरवडली, आणि चौथ्या भोकातली पत्ती तुटून हातात आली.

तेव्हापासून दादाची चाल बरोबर तिथं अडायला लागली. तो थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. वर्षभर आमची आळी अर्धीच चाल ऐकत होती. उरलेली अर्धी कशी होती ते मलाही आठवेनासं झालं. नवा बाजा आणून दिला, तर दादानं त्याचा वास घेतला आणि तो बाजूला ठेवून दिला.

पत्तीपायी धोंडीभाऊनं मलाही पुण्याला ओढत नेलं. चार दुकानं झाली. चारही ठिकाणी काडेपेटीकडं न बघताच उत्तर मिळालं, "काका, याचे पार्ट येत नाहीत. नवीन घ्या." कंपनीला फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, पूरा नया ले लीजिए."

चौथ्या दुकानात धोंडीभाऊचा तोल गेला. "इकताना गोड बोलता, मोडल्यावं तोंड फिरवता. उद्या घरातलं माणूस बिघडलं तरी म्हनाल, नवीन घ्या." दुकानदार हसला. खरं सांगतो, त्या हसण्याचा मलाही संताप आला.

शेवटी पत्ती मिळाली ती घाटावरच. माइकवरचं ते भाषण ऐकलेला एक मुंबईकर यंदा दुसऱ्या दशक्रियेला आला, तो माळ्यावर पडलेला चेपका माउथ ऑर्गन घेऊनच. त्यातली एक पत्ती मापाला तंतोतंत जुळली. धोंडीभाऊनं त्याला मिठी मारली आणि तो रडला. बघणाऱ्यांना वाटलं, गेलेला याचा सख्खा असावा.

आणि मग महिना गेला तरी पत्ती बसवली नाही. माझं डोकंच फिरलं. एका संध्याकाळी सरळ त्याच्या ओट्यावर गेलो. "वर्षभर गावाचं डोकं खाल्लंस, घाटावर माझी अब्रू घालवलीस, आणि आता पत्ती खिशात घेऊन फिरतोस?"

त्यानं मला हातानंच बसायला खुणावलं. शेजारी दादा वाजवत होता. चौथ्या भोकाशी अडला, बाजा खाली केला आणि याच्याकडं वळला.

"धोंड्या, फुडं काय रं?"

धोंडीभाऊनं पुढचे चार सूर तोंडानं गुणगुणून दाखवले. दादा मान हलवून पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागला.

"ऐकलं का गुरुजी? दिसभर मला पावणं म्हनतो. हितं अडला का तेवढं माजं नाव घेतो. पत्ती बसवल्यावं कशाला घेईल?"

माझा सगळा राग जागच्या जागी विरला. लाज वाटली. मी म्हटलं, "मग राहू दे तशीच."

यावर तो माझ्यावरच उखडला. "ऱ्हाऊ दे कसं? मोडली कुनी, मीच ना? माज्यापायी त्यानं जलमभर अर्धंच वाजवायचं?"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्यानं पत्ती बसवली. संध्याकाळी मीही जाऊन बसलो. दादा चौथ्या भोकाशी आला, सूर लागला आणि चाल पुढं गेली. शेवटापर्यंत गेली. त्यानं ती तीनदा वाजवली, कुठंही न अडता. मग बाजा मांडीवर ठेवून समाधानानं शेजारी बघितलं.

"पावणं, च्या घेनार का?"

"घेतो की," धोंडीभाऊ म्हणाला.