खडसांची संमती

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चौथ्या मैलाच्या दगडापाशी, एकोणीसशे एकोणसाठ साली सरकारनं खडसांसाठी घर बांधलं. खडस म्हणजे हातभर लांबीचा, रुपयाएवढ्या खवल्यांचा नदीतला मासा. त्यानं घर मागितलं नव्हतं. पण न मागता जे मिळतं त्यालाच योजना म्हणतात, आणि या योजनेत वर्षाला एक लाख पिल्लं व्हायची असं ठरलं होतं.

जागा एका समितीनं निवडली. समितीपुढं अकरा मुद्दे होते. जीप थेट जाते का, पाहुण्यांच्या खुर्च्यांना सावली आहे का, झेंड्याच्या काठीला खड्डा घेता येतो का, असं करत करत अकराव्या मुद्द्याला पाणी आलं. तोवर जेवायची वेळ झाली होती. 'पाणी आणता येईल' असं लिहून समिती उठली. मग सिमेंटच्या दोन टाक्या झाल्या, प्रत्येकी दहा फूट बाय दहा फूट, आतून आकाशी निळ्या, कारण कचेरीत तोच रंग शिल्लक होता. वर पाटी लागली: आदर्श प्रजनन वसाहत.

वसाहतीचे प्रमुख मत्स्यवृद्धी कचेरीचे साहेब. वाडीवर त्यांना मासेसाहेब म्हणत. माणूस पुण्याचा, सरळ, आणि फॉर्मातला एकही रकाना कोरा न सोडणारा. फॉर्मात 'लाभार्थींची संमती' असा एक रकाना होता. पहिले चाळीस मासे टाकीत पडले तेव्हा साहेबांनी काठावर उभं राहून जागेबद्दल कुणाची हरकत आहे का असं विचारलं, पाच मिनिटं वाट पाहिली, आणि लिहिलं: 'हरकत नाही, सबब संमती.'

ते चाळीस मासे पकडून आणले होते वाकणवाडीच्या हैबतीनं. वाकणवाडी कुडपणच्या वाटेवर, ओढ्याच्या अंगाला. हैबती पन्नाशीचा, आणि सरकारशी त्याची जुनी ओळख होती. देवी टोचायला आलेल्या माणसाला त्यानं एकदा एकच पोरगं सात घरांतून सात नावांनी दाखवलं होतं, आणि वाडी शंभर टक्के टोचल्याचं प्रशस्तिपत्र चावडीवर लावून घेतलं होतं. असा माणूस टाक्यांचा राखणदार व्हायला कबूल झाला ते त्याचं स्वतःचं एक काम अडलं होतं म्हणून.

त्याचा पांडू मुंबईला गिरणीत होता. राहायला गावची खोली, तीही दहा बाय दहाच. तीत चौदा जण पाळीपाळीनं झोपत. माणशी एक खुंटी आणि एक ट्रंक. पांडूची बायको चंद्रभागा वाडीवर. पांडूला शिमग्याची पाच दिवस रजा मिळे. त्यातले चार दिवस देवीची पालखी नाचवण्यात जात आणि पाचव्या दिवशी सुजलेले खांदे शेकत तो झोपून राही. लग्नाला तीन वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. हैबतीची बायको राहीबाई त्याला रोज ऐकवायची, "अवो, देवीला नाचवून झाली की घरच्या लक्ष्मीकडंबी बघ म्हणावं लेकाला." नातू झाल्याशिवाय ती हैबतीला सुखानं भाकर खाऊ देणार नव्हती.

आणि मासेसाहेबांचा साडू त्याच गिरणीत रजेचे अर्ज बघायच्या टेबलावर होता. साहेबांनी शब्द दिला की टाकीत अंडी दिसली की पांडूच्या महिनाभराच्या रजेचं पत्र मी स्वतः लिहितो. म्हणजे हैबतीचा नातू खडसांच्या अंड्यांवर टांगला गेला.

खडस काही अंडी घालीनात. हैबतीला कारण माहीत होतं, पण राखणदाराला कारण विचारायची पद्धत नव्हती. मुंबईचे तज्ज्ञ आले. त्यांनी पाण्यात ऊब कमी आहे असं निदान केलं, म्हणून सवच्या उन्हाळ्याचं, म्हणजे गरम झऱ्याचं, कढत पाणी पिंपांतून आणून ओतलं. दोन मासे शिजले. अहवालात ते सेवानिवृत्त झाले. मग दुसरे तज्ज्ञ आले. त्यांना नर-मादी एकत्र पोहताना मोजणी चुकते हे खटकलं, म्हणून नर एका टाकीत आणि माद्या दुसऱ्या टाकीत ठेवल्या आणि दोन स्वतंत्र रजिस्टरं उघडली. मोजणी अचूक आली. अंडी तेवढी येईनात.

हैबतीला मग राहवेना. तो म्हणाला, "साहेब, खडस आपली जागा आपण निवडतो. पावसात ओढा फुगला की चढणीला लागतो, वर जातो, वाहतं पानी नि बारीक गोटं बघतो, मंग घालतो अंडी. माझ्या खाचराखालच्या वळणाला दरसाल येत्यात. हितं डांबून काय व्हनार? माझा पांडू तिकडं चौदा बाप्यांत ऱ्हातो. त्याला तरी कुटं पोर झालं?"

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. हैबतीला वाटलं, पटलं. पण साहेब शास्त्रशुद्ध माणूस. त्यांनी वाकणवाडीचं चाळीस वर्षांचं जन्माचं रजिस्टर मागवलं. वर्षाला सरासरी पंधरा जन्म, पैकी चौदा मार्गशीर्षातले. साहेबांनी नऊ महिने मागं मोजले आणि शिमग्यापाशी येऊन थांबले. निष्कर्ष उघड होता: नर-मादी वर्षभर वेगळे ठेवून पाच दिवस एकत्र आणले तर उत्पादन होतं, आणि ही पद्धत या मुलखात चाळीस वर्षं यशस्वी आहे. फाल्गुनात आदेश निघाला. टाक्यांमधली फळी पाच दिवस उघडली गेली. पूर्वोदाहरणात ढोल होता म्हणून काठावर ढोलही वाजवला. खडस तळाला जाऊन बसले ते सहाव्या दिवशी वर आले.

आषाढ लागला. ओढ्याचा आवाज टाकीत ऐकू जायला लागला तसे मासे ओढ्याकडच्या भिंतीला नाक लावून उभे राहू लागले. साहेब महाडला पाच दिवसांच्या आढावा बैठकीला गेले, आणि हैबतीनं भरदुपारी दोन्ही टाक्यांच्या मोऱ्या उघडल्या. घटकाभरात सगळी बिऱ्हाडं खाली. चारच दिवसांत त्याच्या खाचराखालच्या वळणाला गोट्यांमध्ये वरीच्या दाण्याएवढी पिवळी अंडी चमकायला लागली. हैबतीनं ती गोट्यांसकट घमेल्यात भरली. परत उतरणारे मासे ओढ्याला कामट्यांचा झाप आडवा लावून अडवले आणि मोजून आणून सोडले. घाईत नर कोण, मादी कोण ते बघायचं राहिलं. अंडीही हाताशी आलेल्या टाकीत ओतली. ती नरांची निघाली.

साहेब परतले, वाकले, आणि बराच वेळ वाकूनच राहिले. मग त्यांनी नरांच्या रजिस्टरात नोंद केली: 'अंडी, अंदाजे एक लाख.' वरून कुणी एका अक्षरानं विचारलं नाही. उलट नरांनी मनावर घेतल्याबद्दल अभिनंदनाचं पत्र आलं.

साहेब शब्दाला जागले. पांडूच्या रजेचं पत्र त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि यशाचा पुरावा म्हणून सोबत अहवालाची एक प्रत जोडली. आठच दिवसांनी साडूचं उत्तर आलं. साहेबांनी ते हैबतीला वाचून दाखवलं.

"आपला अहवाल आम्ही व्यवस्थापनापुढे ठेवला. सिमेंटच्या खोलीत, नर-मादी स्वतंत्र ठेवूनही, कोणत्याही रजेशिवाय एक लाख अपत्ये होतात, हे वाचून सर्वांनाच समाधान वाटले. सबब पांडू हैबती यांच्या रजेचे कारण उरत नाही. याच आधारावर पुढील वर्षापासून शिमग्याची पाच दिवसांची रजाही बंद करण्यात येत आहे."

हैबती सात घरांतून एक पोर फिरवणारा माणूस, पण आता वाडीच्या पंचवीसही घरांतली व्हायची पोरं त्याच्या घमेल्यात बुडाली होती. त्यानं सगळं कबूल केलं. मोऱ्या, झाप, गोटे, काही ठेवलं नाही.

"मला ठाऊक होतं," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "नरांच्या टाकीत अंडी निघतील कशी?"

"मंग लिवलंत कशाला?"

"लक्ष्यांक होता. आता तो पुरा झाला आहे, हैबती. आता स्वतः खडस आले तरी त्यांना नाही म्हणता यायचं नाही."

साहेबांचं बिऱ्हाड कचेरीमागच्या खोलीत होतं. एक खाट, एक स्टोव्ह, भिंती आकाशी निळ्या. पत्नी पुण्याला. कुटुंबासह राहण्याची जागा मिळावी या अर्जाला आठ वर्षं झाली होती, आणि त्यावर 'हरकत नसल्यास आहे तेथेच राहावे' असा शेरा होता. साहेबांनी हरकत घेतली नव्हती.

हैबतीनं घरी येऊन पत्राचा मजकूर सांगितला. राहीबाई कपाळाला हात लावून बसली. चंद्रभागा लावणी आटोपून आली होती. पायाचा चिखल धूत ती म्हणाली, "आत्याबाई, खडशीनं कधी रजेचा अर्ज केलाय? ओढा चढला की चढायचं."

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या अकरा जणी बोचकी घेऊन पोलादपूरला यष्टीत बसल्या आणि मुंबईत थेट गावच्या खोलीवर उतरल्या. चौदा बाप्ये आपापली ट्रंक घेऊन जिन्यात आले. त्यांनी आतल्या आत पाळ्या कशा लावल्या ते कुठल्याच रजिस्टरात नाही. आखाडाचे उरलेले दिवस त्या राहिल्या आणि आल्या तशा परत गेल्या. चैत्रात वाकणवाडीला अकरा पाळणे हलले. रजिस्टरवाल्यानं ते नोंदवायला नकार दिला, कारण या गावात चैत्रात जन्म होत नाहीत. हैबतीनं पहिल्यांदाच खरं पोर खऱ्या घरातून खऱ्या नावानं दाखवलं, आणि नेमका तेव्हाच त्याच्यावर कुणी विश्वास ठेवीना.

शेवटी मासेसाहेबांची साक्ष झाली. त्यांनी सगळं तपासून अहवाल दिला. माणसं वाट चढून गेली हे त्यात आलं नाही, कारण तसा रकाना नव्हता. रकाना जागेचा होता. 'दहा बाय दहाची एक खोली. अकरा जोडपी, अकरा अपत्ये. जागा कुटुंबासाठी पुरेशी असल्याचे सिद्ध.'

हा अहवाल फार वर गेला, आणि त्यावरून घरांचा नकाशा तयार झाला. त्या नकाशाची घरं मग पुष्कळ शहरांत, पुष्कळ वर्षं बांधली गेली. तुम्ही हे वाचत बसला आहात ती खोली मोजायला उठू नका, खुर्ची हलवावी लागेल. बसल्या जागेवरून भिंतीचा पोपडा नखानं जरा उचला. खाली निळा लागला, तर तुमचाही फॉर्म कुणीतरी भरलेला आहे. पाच मिनिटं वाट पाहिली होती त्यांनी. तुम्ही काही बोलला नाहीत.