लंगड्या घोड्याचे दोन शेवट

कुंदुझचा प्रबंध लिहून, छापून, बांधूनही झाला होता. राहिल्या होत्या फक्त दोन सह्या. विषय होता लंगड्या घोड्याच्या गाथेचे दोन पाठ. एक नारिनकडच्या तुर्दुबेक या म्हाताऱ्या कथेकऱ्याचा, त्यात घोडा शेवटी नदीत बुडतो. दुसरा डोंगरापलीकडच्या असानकुलचा, त्यात तो एकटाच घरी परततो. दोन्ही पाठ तिने आपले मार्गदर्शक झोल्दोशेव सर यांच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातून उतरवून घेतले होते. आमच्याकडे संशोधन असंच करतात. सरांच्या पुस्तकाबाहेर काही सापडलंच तर ते सरांना दाखवू नये, एवढी अक्कल पहिल्या वर्षीच येते.

पण गेल्या साली एका विद्यार्थ्याने घरबसल्या सहा कथेकरी जन्माला घातले, तेव्हा सरांनी नियम काढला की प्रत्येक पाठावर त्या त्या कथेकऱ्याची सही हवी. तोंडी परीक्षा शुक्रवारी होती. पदवी हुकली की गावच्या शाळेतली जागा मुख्याध्यापकांच्या सुनेला जाणार होती, आणि सून तयारच बसली होती.

तुर्दुबेकने कुंदुझला घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस पाजलं, सगळा प्रबंध वाचायला लावला आणि असानकुलचा शेवट येताच हात वर केला.

"त्याचा घोडा परत येतो?"

"हो, आजोबा. तुमचा बुडतो."

"माझा कशाला बुडेल? माझाच परत येतो. त्या असानकुलनं माझा घोडा चोरलाय. लिही तसं."

सही काही झाली नाही.

कुंदुझ घाट ओलांडून असानकुलकडे गेली. मुलगी प्रामाणिक, त्यामुळे तिने घडलेलं सगळं सांगून टाकलं. म्हाताऱ्याने तोंडातला बोरसोकचा तळलेला तुकडा चघळून गिळला.

"तुर्दुबेकचाही परत आला म्हणतेस? मग माझा बुडाला. परत आलेल्या घोड्यासाठी कोण रडतंय, पोरी? बुडवला की बायका दोन दोन दिवस रडतात."

"पण आजोबा, छापून झालंय."

"घोडा माझा आहे की छापखान्याचा?"

परतीच्या गाडीत कुंदुझला रडू कोसळलं. डोळे पुसून तिने प्रबंध पुन्हा चाळला, तर दोन्ही पाठ जसेच्या तसे शाबूत होते, फक्त मालक बदलले होते. कथेकऱ्यांची नावं प्रकरणांच्या शीर्षकपानांवरच होती. निष्कर्षात ती नव्हतीच, कारण दोन्ही पाठ आपापल्या परीने श्रेष्ठ आहेत, हा निष्कर्ष आमच्याकडे कुठल्याही दोन पाठांना चालतो. तिने ती दोन पानं अदलाबदल करून चिकटवली आणि पुन्हा घाट तुडवला. या वेळी ज्याला त्याला त्याचं तेवढंच वाचून दाखवलं. दोघांनीही हेच आपलं, बापजाद्यांपासूनचं, असं सांगून ऐटीत सही ठोकली.

शुक्रवारी बाहेरून परीक्षक आल्या त्या सकिनाबाई. सरांशी त्यांचं वीस वर्षांचं वैर, त्यामुळे सरांचं पुस्तक त्यांच्याइतकं बारकाईने कोणीच वाचलेलं नव्हतं.

"झोल्दोशेव, तुमच्या पुस्तकात हे बरोबर उलटं आहे," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "मुलगी चुकली, की तुम्ही?"

कुंदुझला शाळेच्या खुर्चीत बसलेली सून दिसायला लागली. सरांनी सह्या पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. नियम त्यांचाच होता.

"छापखान्याची चूक," सर म्हणाले. "पंचवीस वर्षं बोंबलतोय मी, कोण ऐकतंय?"

कुंदुझ पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. अट एकच. सरांच्या पुस्तकाची दुरुस्त आवृत्ती निघणार, त्या आवृत्तीच्या संमतीपत्रावर दोन्ही म्हाताऱ्यांच्या सह्या आणल्या की प्रमाणपत्र हातात.

सोमवारी ती तुर्दुबेकच्या दारात हजर झाली. म्हाताऱ्याने पेन घेतलं, कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"काय गं, त्या असानकुलच्या घोड्याचं शेवटी काय होतं?"

कुंदुझने सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

"मी तिथवर वाचलंच नाही, आजोबा," ती म्हणाली. "इथं करा सही."