नळीवरची मळणी

दुधनीकडचा एक अरुंद रस्ता चारपदरी करायचा प्रस्ताव तयार झाला. पण असं काही घडलेलंच नाही, असं समजून पुढं वाचावं. बांधकाम खात्याच्या ऑफिसातही सगळे तसंच समजून आहेत.

त्या ऑफिसातल्या सिद्धरामचं काम साधं होतं, रस्त्यावरच्या गाड्या मोजायचं. रस्त्यावर आडवी रबरी नळी ठोकायची, तिचं टोक कडेच्या पेटीला जोडायचं आणि रोज संध्याकाळी सोलापुराहून येऊन पेटीतला आकडा ऑफिसला कळवायचा. नळीवरून चाक गेलं की पेटी मोजते. माणसानं फक्त विश्वास ठेवायचा. सिद्धराम कंत्राटी होता. ही मोजणी नीट झाली तर ऑफिसच्या प्रमुख वैजयंती मॅडम त्याला कायम करणार होत्या, आणि मग घरचे जेवताना नोकरीचा विषय काढायचं बंद करणार होते.

पहिल्याच संध्याकाळी पेटी जवळजवळ रिकामी. नळीही दिसेना. तिच्यावर शेजारच्या शेतातल्या निंगव्वाचा हुलगा, म्हणजे कुळीथ, पसरला होता. दर हिवाळ्यात ती काढलेला हुलगा रस्त्यावर अंथरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या तो फुकटात मळून द्यायच्या. यंदा थर असा जाड होता की चाकांचा दाब नळीपर्यंत पोचतच नव्हता. मोटारसायकलवाले तर कडेच्या मातीतनंच जात होते.

"मावशी, हे काढा की. खाली ऑफिसची नळी हाय."

"ती तू घातलीस व्हय?" निंगव्वानं हात जोडले. "यप्पा, लई उपकार झालं बघ. दरसाली दाणं उताराला घरंगळत जायाचं. औंदा तुज्या नळीला अडून बसल्यात."

"पण गाड्या मोजल्या न्हाईत तर माझी नोकरी जाईल."

निंगव्वा गंभीर झाली. कुणाचे उपकार अंगावर ठेवायची तिला सवय नव्हती.

"गाड्याच पायजेत न्हवं? जा तू निवांत."

दुसऱ्या संध्याकाळी हुलगा नळीच्या अलीकडं सरकला होता, नळी पुसून तिला हळदकुंकू लावलं होतं आणि पेटीतला आकडा बघून सिद्धरामला गहिवरून आलं. त्यानं मनातल्या मनात सिद्धेश्वराला हात जोडले आणि आकडा कळवला. तो रोज वाढतच गेला. आठवडा संपता संपता त्या रस्त्यानं सोलापूरच्या गजबजलेल्या सात रस्ता चौकाला मागं टाकलं. ऑफिसनं चारपदरीचा प्रस्ताव केला, आणि एवढी वर्दळ डोळ्यांनी बघायला मॅडम सगळा लवाजमा घेऊन निघाल्या. सिद्धरामला पुढच्या सीटवर बसवलं.

रस्त्यावर वाहतूक होती. एक ट्रॅक्टर. निंगव्वाचा पुतण्या चन्नवीर तो नळीवरून पुढं न्यायचा, वळवायचा आणि हुलगा तुडवत परत आणायचा.

"हे कधीपासून चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"तुमच्या ह्या सायबाची नोकरी धोक्यात आल्यापास्नं," चन्नवीर म्हणाला. "डिझेल काकीचं. नियम मोडला न्हाय, दर फेरीला हॉर्न देतोय."

सिद्धरामनं वाकून नळीवरचं हळदकुंकू पुसायला घेतलं.

"बाई, पोराला बोलू नका," निंगव्वा म्हणाली. "आमच्या रस्त्याकडं आजवर कुत्रं फिरकलं न्हाय. ह्यो रोज येतोय. बसा, माडगं तरी घ्या."

हुलग्याच्या पिठाचं ते पातळ माडगं गरम होतं. मॅडमनी दुसरी वाटी घेतली. तेवढ्यात चन्नवीरनं ऑफिसच्या गाड्या वळवायला घेतल्या. रस्ता अरुंद, त्यामुळं वळणं अवघड. "मागं घ्या. आनी मागं. आता फुडं." वाटी संपेपर्यंत उरलेला हुलगाही मळून झाला.

"यंत्र उत्तम आहे," मॅडम अखेर म्हणाल्या. "फेरी न् फेरी मोजलीय. चूक रस्त्याची आहे."

मोजणी पुन्हा करायची ठरली. प्रस्ताव झालाच नव्हता असं ठरलं. सिद्धराम कायम झाला, कारण पुन्हा त्या रस्त्यावर जायला ऑफिसात दुसरं कुणी तयार नव्हतं. मॅडम मांडीवर हुलग्याची पिशवी घेऊन परतल्या.

महिन्याभरानं ऑफिसात एक अर्ज आला. अक्षर चन्नवीरचं, अंगठा निंगव्वाचा.

"महोदया, आपल्या कार्यालयाने केलेल्या मळणीबद्दल आम्ही आपले अत्यंत आभारी आहोत. तरी दरवर्षी हंगामात रबरी नळी एक, कार्यालयाच्या सर्व मोटारी चालकांसह, आणि श्री. सिद्धराम यांना मळणी पूर्ण होईपर्यंत आमच्या रस्त्यावर पाठवण्यात यावे. पुढील साली तूरही आहे. सबब शक्य झाल्यास रोडरोलर मंजूर व्हावा, ही नम्र विनंती."