केवळरामभाऊंच्या चंद्राबाई

केवळरामभाऊ बकरीला ‘या जी, बसा जी’ म्हणत आणि माणसाला ‘काऊन बे’. चामोर्शीजवळच्या त्या गावात मी नवा मास्तर म्हणून गेलो, तेव्हा शेजारच्या घरामागच्या वाडीतून ‘चंद्राबाई, पाय उचला जी’ असं ऐकू आलं. मला वाटलं, घरात कोणी वयस्कर बाई आजारी असावी. डोकावून पाहिलं तर लांब कानांची काळी बकरी.

भाऊ जंगलखात्यातून नाकेदार म्हणून निवृत्त झालेले. एकटेच. नोकरी संपली तरी खाकी कोट आणि तोरा, दोन्ही अंगावर शाबूत. वाडीत सात बकऱ्या. त्यांना ओल लागू नये म्हणून बांबूचा उंच माचा. स्वतः मात्र गळक्या छपराखाली झोपत. बोकड वाडीच्या पार टोकाला, कारण जवळ बांधला की दुधाला वास लागतो. हे ज्ञान ते येणाऱ्याजाणाऱ्याला पकडून देत. कोणी म्हशीचं नाव काढलं की ठरलेलं वाक्य, “म्हशीचं दूध पिऊन मानूस चिखलात बसते.” इतका कंटाळवाणा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तसं मी शाळेत सगळ्यांना सांगतही असे.

एकदा चंद्राबाई शाळेत घुसल्या. नव्या राज्यांचा नकाशा नुकताच आला होता. बाईंनी दक्षिणेकडून सुरुवात केली आणि गोदावरीपर्यंत देश फस्त केला. मी तावातावाने भाऊंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “रंग कच्चा होता का पक्का? तिचं पोट बिघडलं तं?”

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्हाला मुलगी झाली. बायकोला ताप भरला, दूध आटलं. गाईचं दूध पोर ओकून टाकी. पाचव्या दिवशी तिचं रडणंही बारीक झालं. सुईण म्हणाली, बकरीचं पाजून पाहा. भाऊंच्या दारी कोणत्या तोंडाने जाणार?

सकाळी दार उघडलं तर भाऊ चंद्राबाईंना घेऊन अंगणात उभे. सुईणीनेच सांगितलं असणार. त्यांनी गरम पाणी मागितलं, हात धुतले, कास धुतली, पहिल्या धारा मातीत सोडल्या आणि मग तांब्यात दूध काढलं. उकळून, पाणी घालून, कापसाच्या वातीने पाजा म्हणाले. पोर वात चोखू लागली.

दोन महिने ते दोन्ही वेळा आले. पोरीकडे मात्र कधी पाहिलं नाही. बायकोने एकदा तिला त्यांच्यापुढे धरलं, तर ते मागे सरकले. मी कारण विचारलं. ते कास पुसू लागले.

“नोकरीत होतो तवा एका बाईची बकरी कोंडवाड्यात घातलो,” ते म्हणाले. “सरकारी रोपवनात शिरली होती. बाई म्हने, लेकरू तिच्याच दुधावर हाय. मी म्हनलो, कायदा हाय. चार दिवस बकरी आतच होती.”

“आणि लेकरू?”

“मी विचारलोच नाई, गुरुजी.”

तांब्या माझ्या हातात देऊन ते उठले. दाराशी थांबले, आणि आत न बघताच माझ्या बायकोला म्हणाले, “पोरगी सकाळचं सारं पेली का?”